ठाण्याहून एक दिवस तालुक्याच्या गावाला: छोटं शहर बघायचं कसं

मुरबाडवरून मी वीस-पंचवीस वेळा तरी गेलो असेन आणि मुरबाड एकदाही बघितलं नव्हतं. माळशेजला जायचं, वाटेत गाडी बाजूला घ्यायची, गरम भजी, चहा, परत गाडीत, पुढे घाट आणि धबधबे. आपल्या ठाणेकरांचं बहुतेकांचं असंच होतं, शहापूर म्हंजे माहुली किल्ल्याच्या अलीकडचं काहीतरी, उरण म्हंजे कंटेनरवाले ट्रेलर, अंबरनाथ म्हंजे बदलापूर लोकलमध्ये जरा श्वास घेता येतो ते स्टेशन. मग एकदा मुद्दाम मुरबाडला गेलो, आडवारी, दुपारी एकच्या सुमारास. अर्धी दुकानं बंद, स्टँडवर कंडक्टर डबा खात बसलेले, तासाभरात परत फिरलो आणि घरी सांगितलं की तिकडे बघण्यासारखं काही नाहीये. महिन्याभराने बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला उतरलो तर पाय ठेवायला जागा नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोणपाटं अंथरून बायका बसलेल्या, जीपच्या टपावर कोंबड्यांच्या पाट्या, कासाराच्या दुकानात लेकीबाळींची रांग. गाव तेच, रस्ता तोच, फक्त मी वेळ चुकवली होती.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. तालुक्याचं गाव हे नुसतं तिथे राहणाऱ्यांचं नसतं, ते आजूबाजूच्या गावांचं आणि पाड्यांचं असतं. ती माणसं आली की ते जागं होतं, ती गेली की पेंगतं. म्हणून ते बघायचं असेल तर ती माणसं येतात त्या दिवशी, ती येतात त्या गाडीने जायचं, आणि ती काय विकतात काय घेऊन जातात ते बघायचं. देऊळ, किल्ला, धरण हे सगळं त्याच्यानंतर. मी कळव्यात राहतो, गेली सात-आठ वर्षं महिन्यातला एक दिवस यासाठी ठेवतो, त्यातून जे जमत गेलं ते इथे लिहितोय, कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वार. आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो हे नेटवर शोधत बसू नका, तिथली माहिती बऱ्याचदा जुनी असते. कल्याणच्या एसटी स्टँडवर त्या गावाच्या गाडीच्या कंडक्टरला विचारा, किंवा ठाण्यात जांभळी नाक्यावर ज्या मावशी भाजी घेऊन बसतात त्यांना विचारा, कुठल्या गावचा बाजार कधी हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि नुसता बाजाराचाच वार बघायचा असं नाही, शनिवार-रविवार टाळून एखादा सोमवार सुट्टी काढून गेलात तर तहसील कचेरी पण चालू दिसते, आणि तालुक्याच्या गावाचा अर्धा जीव त्या कचेरीत असतो. बाहेर टायपिंगवाला, स्टॅम्पवाला, झेरॉक्सवाला, दाखल्यांचे फॉर्म भरून देणारा पोरगा, समोर चहाची टपरी, टपरीवर सातबारा हातात घेऊन बसलेले चार काका. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वारस नोंद, मोजणी, यातल्या कशासाठी तरी माणूस सकाळची पहिली गाडी पकडून येतो, काम झालं नाही तर दुपारपर्यंत थांबतो, तेवढ्यात बी-बियाणं घेतो, बायकोने सांगितलेला कुकरचा गॅस्केट घेतो, पोराला डॉक्टरला दाखवतो. कचेरीच्या आसपास एवढी दुकानं का हे असं अर्धा तास बसलात की आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट महिना, आणि मला वाटतं हे वारापेक्षाही महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडच्या या गावांचा धंदा पावसाच्या मागेपुढे फिरतो. मे महिन्याच्या शेवटी गेलात तर आगोटीची खरेदी बघायला मिळते. आगोट म्हंजे पावसाळ्याची बेगमी, चार महिने बाहेर पडणं कठीण म्हणून आधीच भरून ठेवायचं. सुके बोंबील, सुकट, जवळा, कांद्याच्या माळा, मिरची, हळद, मीठ, आणि ताडपत्री. ताडपत्रीच्या दुकानासमोर उभे राहा जरा, माणसं रोलमधून कापड ओढून बोटात चोळून बघतात, किती फूट बाय किती फूट ते घराच्या पाख्याच्या मापाने तोंडी सांगतात. याच वेळेला वीटभट्ट्या बंद होऊन कातकरी कुटुंबं घरी परतलेली असतात. दिवाळीनंतर बयाणा घेऊन ही माणसं भट्टीवर जातात, पोराबाळांसकट, शाळा सुटते ती तिथेच, आणि पाऊस लागायच्या आधी हिशोब होऊन परत येतात. हिशोबात हातात काय पडलं यावर त्यांची आगोट ठरते. ठाण्यातल्या आपल्या बिल्डिंगा ज्या विटांवर उभ्या आहेत त्या विटांचा हा दुसरा टोक आहे, आणि तो मुरबाड-शहापूरच्या बाजारात मेअखेरीस डोळ्यांनी दिसतो.

पाऊस पडला की पंधरा दिवसांत सगळा बाजार हिरवा होतो. शेवळं, टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी, मग कंटोळी, बांबूचे कोवळे वास्ते. हे विकणाऱ्या बहुतेक ठाकूर, कातकरी, वारली बायका असतात, पहाटे रानात जाऊन आणलेलं असतं, तराजू नसतो, वाट्यावर विकतात. वाट्याचा भाव पाडू नका प्लीज. ठाण्यात मॉलमध्ये आपण मशरूमच्या डब्याला न विचारता पैसे देतो, तिथे वीस रुपयांसाठी घासाघीस करणं बरं दिसत नाही. दिवाळीनंतर गेलात तर भात झोडून झालेलं असतं आणि भातगिरण्या चालू असतात, डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा, एप्रिल-मेला करवंदं, जांभळं, ताडगोळे, पळसाच्या पानाच्या द्रोणात.

जायचं कसं, तर गाडी घरी ठेवा. गाडीने गेलं की माणूस स्वतःच्या वेळेने पोचतो आणि स्वतःच्या वेळेने निघतो, गावाची वेळ कळतच नाही. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून रेल्वे व्हावी ही मागणी फार जुनी, तोवर एसटीच. कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की स्टँड आहे, तीसेक किलोमीटर अंतर, ट्रॅफिक नसेल तर साधारण तासभर. बायकांना एसटीत २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे बाजाराच्या दिवशी गाडीत बायका आणि आज्याच जास्त दिसतात, आणि गप्पा पण त्यांच्याच ऐकायला मिळतात. मी एकदा ऐकत गेलो, दोन आज्या कल्याणपासून मुरबाडपर्यंत एकाच सोयरिकीवर बोलत होत्या, शेवटी उतरताना एक म्हणाली पोरगा चांगला आहे पण विहीर आटते त्यांची. शहापूरला जायचं तर ठाण्याहून आसनगाव किंवा कसारा लोकल, आसनगावला उतरून शेअर रिक्षा, तीन-एक किलोमीटर.

उतरलात की लगेच फिरायला लागू नका. पहिला तास स्टँडवर काढा, चहा घ्या, बसा. कुठल्या गावांच्या पाट्या लागतात ते बघा, कारण त्या पाट्या म्हंजे त्या शहराचा नकाशा आहे. मुरबाडला माळशेज, म्हसा, धसई, टोकावडे अशा दिशा दिसतील, शहापूरला डोळखांब, किन्हवली, खर्डी. कोण उतरतंय, हातात काय आहे, परत जाणाऱ्या गाडीत काय चढतंय. सकाळच्या गाडीतून भाजी, कोंबड्या, लाकडाची मोळी, शाळाकॉलेजची पोरं उतरतात. दुपारच्या गाडीत खताची गोणी, नवीन छत्री, पत्र्याची पेटी, लग्नाच्या बस्त्याची पिशवी चढते. एवढं बघितलं की अर्धी अर्थव्यवस्था कळली समजा.

मग पेठेतून चाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दुकानांच्या पाट्या वाचत. कुठल्या प्रकारची दुकानं किती आहेत हे मोजायचं, अगदी खरंच मोबाईलवर टिपून ठेवायचं. बी-बियाणं-खतं, कोयते-विळे-फावडी, दोरखंड, शेतीपंप, हे जास्त असेल तर गाव अजून शेतीवर आहे. सोनाराची आणि भांड्यांची दुकानं लग्नसराईवर जगतात आणि लग्नसराई भाताच्या पैशावर, म्हणून भात चांगलं झालं की सोनार पण खूश. क्लासेस, नर्सिंग कॉलेज, पोलीस भरतीच्या अकॅडमीच्या पाट्या दिसल्या तर पोरं शेतीतून बाहेर पडायला बघताहेत. आणि एनए म्हंजे बिनशेती प्लॉट, बंगलो प्लॉट, फार्महाऊस, बुकिंग सुरू, असे बोर्ड दिसायला लागले की समजायचं की जमीन विकली जातेय. मुरबाड रोडला हे बोर्ड दरवर्षी वाढलेले दिसतात मला, शहापूरकडे समृद्धी महामार्ग आल्यापासून पण तसंच, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि आमणे म्हंजे भिवंडीच्या बाजूला, आपल्या दारात. एकरकमी पैसा येतो, दोन-चार वर्षं नवीन गाडी, नवीन घर, आणि मग भात विकत आणायची वेळ येते, असं मला तिथल्याच एका दुकानदार काकांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

भातगिरणी चुकवू नका. पेठेच्या जरा बाहेर असते, पट्ट्याचा आवाज लांबूनच येतो आणि आत शिरलं की हवेत कोंड्याची धूळ, उन्हाच्या तिरिपेत ती तरंगताना दिसते. माणसं आपापलं भात गोणीत घेऊन रांगेत बसलेली, एका बाजूने भात ओततात, दुसऱ्या बाजूने तांदूळ पडतो, तूस वेगळं, कोंडा वेगळा, कणी वेगळी. काही फुकट जात नाही, तूस वीटभट्टीला, कोंडा गुरांना, कणीची पेज किंवा पीठ करून भाकरी. गिरणीवाल्याला विचारलंत तर तो तुम्हाला तांदूळ विकत कोणाकडे मिळेल ते सांगतो, कधी रांगेतलाच एखादा शेतकरी दहा किलो देतो. एक लक्षात ठेवा, दिवाळीनंतरचा नवा तांदूळ भाताला चिकट होतो, त्यात पाणी कमी घालावं लागतं, मोकळा भात पाहिजे असेल तर जुना आहे का विचारा, जरा महाग पडतो. भाकरीला मात्र नवाच बरा, पीठ चिकट असल्यामुळे भाकरी थापताना फाटत नाही.

माणसांशी बोलायचं कसं हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मुलाखत घेतल्यासारखं विचारू नका, आधी काहीतरी विकत घ्या आणि घेतलेल्या वस्तूबद्दल विचारा. मावशी ही भाजी कशी करायची, दादा हा कोयता कुठे घडवतात, काका यंदा भात कसं आहे. मग पुढचं आपोआप निघतं. आडनाव, जात, जमीन किती हे विचारू नका, ते विचारणारी माणसं तिथे दलालच असतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, विशेषतः पाड्यावरच्या बायकांचा, त्यांना कोणीतरी येऊन फोटो काढून निघून जाण्याचा कंटाळा आलाय. आणि सुटे पैसे ठेवा, आता पेठेत सगळीकडे स्कॅन करून पैसे घेतात पण गोणपाटावर बसलेल्या आजीकडे दहा-वीसच्याच नोटा लागतात.

मुरबाडला जायला सगळ्यात भारी वेळ कुठली असं कोणी विचारलं तर मी म्हणेन पौष पौर्णिमा, म्हंजे साधारण जानेवारी, तेव्हा मुरबाड-कर्जत रस्त्यावर म्हसा गावात खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. देवाची यात्रा आहेच, पण त्याच्याबरोबर गुरांचा बाजार, घोंगड्या, शेतीची अवजारं, टोपल्या, मिठाई, पाळणे. गुरांच्या बाजारात शिरलात तर एका बाजूला शांत उभे राहून व्यवहार बघा. बैलाचा जबडा उघडून दात बघतात, दुधाचे दात असले तर आदत, मग दुसा, चौसा, सगळे दात आले की जुळलेला, वय तिथे कळतं. मग पाठीवरून हात फिरवतात, शेपटी ओढतात, दहा पावलं चालवून खूर टाकतो कसा ते बघतात. पूर्वी भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचा, म्हंजे बाजूच्याला कळू नये. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झालेत, तरी चिखलणीला छोट्या खाचरात बैलच लागतो, डोंगरउतारावर ट्रॅक्टर वळत नाही. घोंगडी घेणार असाल तर हाताने घासून बघा, खरी लोकरीची घोंगडी टोचते, आणि पाण्याचे दोन थेंब टाकलेत तर लगेच शोषत नाही, वरच थांबतात.

बाजाराशिवाय मुरबाडकडे आणखी दोन जागा आहेत. टोकावड्याच्या पुढे वैशाखरे गाव आहे, तिथून नाणेघाटाची वाट चढते. वर सातवाहनांच्या काळातली लेणी, त्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख, आणि घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल जुन्नरला जायचा तो याच वाटेने. म्हंजे बंदर आणि घाट यांच्या मधल्या या पट्ट्यातून व्यापार दोन हजार वर्षांपासून चालत आलाय, आज त्याच पट्ट्यात आपण भजी खायला थांबतो. दुसरी जागा सिद्धगड, याच तालुक्यातला डोंगरी किल्ला. २ जानेवारी १९४३ ला इथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. भाई कोतवाल माथेरानचे वकील, इंग्रजांविरुद्ध आझाद दस्ता नावाची भूमिगत तुकडी काढून विजेचे टॉवर पाडणारे म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण त्याच्या आधी त्यांनी शेतकऱ्यांना सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्यकोठी सुरू केली होती. पावसाळ्यात भुकेच्या दिवसांत धान्य घ्यायचं, पीक आल्यावर परत करायचं. हे बाजार बघून झाल्यावर वाचलं की जास्त लागतं, कारण आगोटीला उसनं कोणाकडून घ्यायचं हा प्रश्न आजही तिथे बसलेला दिसतो.

शहापूरला गेलात तर पाणी बघा. तानसाचं दगडी धरण १८९२ सालचं आहे, भातसाचं नंतरचं, आणि मुंबईला जेवढं पाणी लागतं त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. तानसाच्या बाजूने माणसाच्या उंचीपेक्षा मोठे पाइप जंगलातून मुंबईकडे जाताना दिसतात. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, बायका हंडे लावून थांबतात. मी एप्रिलमध्ये एका पाड्यावर विहिरीजवळ उभा होतो, तळाशी वाडगाभर पाणी साठलं की एक पोरगी खाली उतरून वाटीने ते हंड्यात भरायची, मग परत साठायची वाट बघायची. घरी येऊन नळ सोडला तेव्हा बराच वेळ तिथेच उभा राहिलो. शहापूरला पिकनिक म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने उन्हाळ्यात एकदा तरी जावं, फक्त पावसाळ्यात नाही. माहुली किल्ला आसनगावच्या बाजूने चढतात, ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला, १६३६ मध्ये शहाजीराजे मोगल आणि आदिलशाहीच्या फौजांसमोर इथेच अडकले होते. चढायचं असेल तर तो वेगळा पूर्ण दिवस ठेवा, बाजार आणि माहुली एका दिवसात करायला गेलात तर दोन्हीचं मातेरं होतं. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, घरून निघण्याआधी ते तपासा, आणि बंदी असेल तर खरंच जाऊ नका, बुडालेल्याला बाहेर काढायला शेवटी गावातलीच पोरं उतरतात.

उरण मात्र एकदम वेगळं, आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांनी तर आधी उरणच करावं. २०२४ च्या जानेवारीपासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, ठाण्याहून नेरूळ, नेरूळहून उरण, गाड्या कमी आहेत म्हणून टाइमटेबल बघून निघा. खारकोपरच्या पुढे दोन्ही बाजूंना बघत राहा, खाडी, कांदळवन, जुनी खाजणं, मधेच कंटेनरचे डोंगर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदरात लाँच पण येते, वेळ असेल तर जाताना लाँच आणि येताना लोकल करा, समुद्राकडून गाव बघितलं की ते बंदराचं गाव आहे हे लगेच पटतं. उतरल्यावर इथे पहिला तास एसटी स्टँडवर नाही, मच्छी बाजारात काढा. कोळणी काय विकताहेत ते बघा, करंजा बंदरातल्या बोटींची मोठी मासळी वेगळी, आणि खाडीतली वेगळी, निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, नशीब असेल तर जिताडा. कोळणीशी भाव करायचा असेल तर करा, ती पण करते आणि तिला आवडतं, फक्त मासा हातात घेऊन दाबून बघून मग न घेता निघून जाऊ नका.

उरणच्या पाट्या वाचल्यात तर शेतीची दुकानं कमी, क्लिअरिंग फॉरवर्डिंग, ट्रेलर, टायर, वेल्डिंग, गोदामं, भाड्याने खोल्या. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, आणि या दोन तारखांच्या मधे उरणचा सगळा इतिहास आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली, भातशेती आणि मिठागरं गेली, जमिनीच्या भावावरून आगरी-कोळी-कराडी लोक शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. म्हणून उरणमध्ये कोणाशी बोलायला बसलात तर साडेबारा टक्के आणि गरजेपोटी बांधलेली घरं (कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेली) हे दोन शब्द पहिल्या दहा मिनिटांत येणारच, ते नीट ऐकून घ्या, वाशी-नेरूळमध्ये आपण ज्या प्लॉटवर राहतो तो कुणाच्या खाचरावर आहे ते तिथे कळतं. दरवर्षी जानेवारीत जासईला हुतात्म्यांची आठवण करायला माणसं जमतात. चिरनेरला पण जा, तिथला जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा, गावात हुतात्म्यांचं स्मारक आणि महागणपतीचं देऊळ. पिरवाडीचा किनारा, करंज्याची द्रोणागिरी आई, द्रोणागिरीचा डोंगर हे संध्याकाळसाठी ठेवा. जेवायला एखादी साधी खाणावळ बघा जिथे ड्रायव्हर लोक बसलेत, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि त्या दिवशी बाजारात जे आलंय ते कालवण.

अंबरनाथला बाजारासाठी नको, शिवमंदिरासाठी जा, तेही सकाळी उन्हं तिरपी असताना, शिल्पांवर सावल्या पडतात तेव्हाच ती नीट दिसतात. शिलाहारांच्या काळातलं, लेखात शके ९८२ म्हंजे इ.स. १०६० आहे. बाहेरच्या भिंतीला डावीकडून सुरुवात करून सावकाश पूर्ण फेरी मारा, मग आत जा, गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर बघितलं तर शिखर उघडं, आभाळ दिसतं. बाजूची वालधुनी नदी बघून वाईट वाटेल, कारखाने आणि वस्ती दोन्हींचं पाणी त्यात गेलंय. महाशिवरात्रीला खूप गर्दी असते, तेव्हा देवदर्शन होईल, शिल्प बघून होणार नाहीत. टिटवाळा अंगारकी सोडून कुठल्याही दिवशी. बदलापूर आता छोटं राहिलं नाही, फक्त जांभळांच्या दिवसांत स्टेशनबाहेर पाट्या घेऊन बायका बसतात तेव्हा जुनं बदलापूर अजून आहे असं वाटतं.

परत निघायची वेळ आधीच ठरवा. आतल्या गावांकडून येणाऱ्या एसटी संध्याकाळी लवकर संपतात, मी एकदा धसईला पाच वाजता चहा पीत बसलो आणि शेवटची गाडी गेली, मग एका टेम्पोवाल्या दादाने दुधाच्या कॅनच्या मधे बसवून मुरबाडपर्यंत आणलं आणि पैसे घेतले नाहीत. उतरल्या उतरल्या कंट्रोलरच्या खिडकीवर शेवटची गाडी विचारून ठेवा, आणि तिच्या आधीच्या गाडीने निघा.

जूनमध्ये जाऊन शेवळं आणली असतील तर त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. बरोबर काकडं घ्यायची विसरू नका, हिरवी आवळ्याएवढी फळं, शेवळंवाल्या मावशीकडेच असतात, नसतील तर घरी चिंच किंवा आमसूल. हाताला तेल लावा, शेवळाचं बाहेरचं पान काढा, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाका, घशाला खाज त्याचीच सुटते, उरलेलं बारीक चिरा. काकडं ठेचून बिया काढून पाण्यात कोळून गाळा आणि त्या पाण्यात शेवळं चांगली शिजवून घ्या, मग कांदा, लसूण, आलं, मसाला, खोबरं, आणि असतील तर सोडे किंवा कोलंबी, नाहीतर वाल. शिजल्यावर चमच्याच्या टोकावर घेऊन आधी स्वतः चाखा, दोन मिनिटं थांबा, घसा खवखवला तर आणखी आंबट घालून परत शिजवा, मगच घरच्यांना वाढा.